कोंडाजीचा राजवाडा

"बाबा, आधी हात पुसा. पुस्तक जुनं आहे."

हरेश्वर गुरुजींनी काखेतलं जाडजूड पुस्तक कोंडाजीच्या ओट्यावर ठेवलं, खुणेसाठी घातलेलं आंब्याचं पान अलगद काढलं आणि पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. कोंडाजी पेंढ्याचा दोर वळत बसला होता. त्याने धोतराच्या सोग्याला हात पुसले, डोळे बारीक केले आणि चित्रावर वाकला.

चित्रात एक मोठी इमारत होती. मधोमध कांद्याच्या आकाराचा थोरला घुमट, त्याच्या भोवती तसेच धाकटे घुमट, अधूनमधून सडपातळ मनोरे. पुढे हिरवळ आणि हिरवळीवर छत्र्या घेतलेल्या दोन गोऱ्या बायका.

कोंडाजीची नजर घुमटांवरून खाली खाली उतरत गेली. मग त्याने बोट पुढे केलं, पण कागदाला लावलं नाही. खालच्या रांगेतल्या एका खिडकीवर ते तसंच अधांतरी थांबलं.

"हितं," तो म्हणाला. "ह्या खिडकीच्या आत. माजी खाट अलीकडं, धर्माजीची पलीकडं."

"म्हणजे हाच तो?"

"ह्योच, गुरुजी. बरायटन."

"ब्रायटन," गुरुजी म्हणाले आणि त्यांना इतका आनंद झाला की ते ओट्यावर मांडी घालून बसलेच.

गुरुजी मूळचे श्रीवर्धनचे. धनवाडीच्या शाळेत बदली होऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. माणगावहून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता घाट उतरला की डाव्या हाताला खाडीच्या काठाने ही वाडी लागे. आल्यापासून ते पोरांच्या तोंडून ऐकत होते की वाडीतला एक लंगडा म्हातारा इंग्रजांच्या राजाच्या महालात झोपून आलाय. पोरं हसत होती. गुरुजींनी मात्र एक दिवस मुद्दाम येऊन सगळी गोष्ट ऐकली होती आणि मनाशी म्हटलं होतं, इतकं विचित्र कुणी मनाने रचत नाही. परवा एका निवृत्त मामलेदाराने आपली जुनी पुस्तकं शाळेला दिली, त्यांत इंग्लंडमधल्या गावांचं हे चित्रांचं पुस्तक निघालं. पुस्तक पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. त्यामुळे तिथल्या हिंदी शिपायांच्या इस्पितळाविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. पण महाल होता.

"कोण राहत होतं इथे, ठाऊक आहे?" गुरुजींनी विचारलं. शिकवायला लागले की समोर सात वर्षांचं पोर आहे की साठीपलीकडचा म्हातारा, हे ते विसरून जात. "चौथा जॉर्ज नावाचा राजा. राजपुत्र होता तेव्हाच त्याने हा महाल बांधायला घेतला. खाण्यापिण्याचा शौकीन. त्याने एका विधवा बाईशी गुपचूप लग्न केलं होतं. कायद्याने ते मानलं नाही. पुढे त्याने राजघराण्यातली दुसरी बायको केली. ती पहिली बाई मात्र महालाजवळच्याच घरात राहिली आणि त्याच गावात वारली."

"मंग ती कोन म्हनायची? लग्नाची का बिनलग्नाची?"

"गावाने तिला मान दिला, असं लिहिलंय. कागद काही म्हणोत."

कोंडाजीने मान हलवली. "आनि म्हाल?"

"पुढे व्हिक्टोरिया राणीला तो आवडेना. लोक कुंपणातून डोकावायचे. शेवटी गावाने तो विकत घेतला."

"आमाला बी बघायला लोक कुपनावर चढायचं," कोंडाजी म्हणाला आणि कितीतरी वर्षांनी मोकळेपणाने हसला.

"शनिवारी सकाळची शाळा आहे," गुरुजी पुस्तक मिटत म्हणाले. "सगळ्या वाडीला बोलावणं पाठवतो. तुम्ही खुर्चीवर बसायचं. चाळीस वर्षं जे तुम्हाला हसले, त्यांना आपण हे दाखवायचं."

*

वाडीत त्याला राजवाडे म्हणत. लावणीला, कापणीला, लग्नकार्यात, कुणी ना कुणी हाक मारीच, "काय राजवाडे, आज आमच्या झोपड्यात पायधूळ झाडनार का?" कोंडाजीने त्यावर रागावणं केव्हाच सोडलं होतं. हसण्याच्या मुळाशी काय होतं, हे मात्र तो विसरला नव्हता.

तो आणि धर्माजी एका वयाचे, एका बांधावरचे. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी दोघे घरातून पळून खडकीला गेले आणि खंदक खणणाऱ्या पलटणीत भरती झाले. धर्माजीचा थोरला भाऊ काळूराम मोठा कडक. मागे एकदा धर्माजी मुंबईच्या गोदीत पळाला होता, तेव्हा त्याने तिथे जाऊन त्याला कानाला धरून परत आणलं होतं. या खेपेला माग लागू नये म्हणून धर्माजीने स्वतःचं नावच सांगितलं नाही. लहानपणी वारलेल्या चुलतभावाचं, सदाचं नाव सांगितलं आणि गावही भलतंच सांगितलं. घरी त्याची चौदा वर्षांची बायको होती, राही. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते.

पुढे लढाई लागली. फ्रान्सच्या चिखलात दोघे खंदक खणत असताना गोळा जवळ येऊन फुटला. धर्माजीच्या पोटात लोखंड शिरलं, कोंडाजीच्या डाव्या पायाचा चवडा चिरडला. आगबोटीतून त्यांना समुद्रापलीकडे नेलं आणि कोंडाजीने डोळे उघडले तेव्हा तो छताकडे बघत होता. छताला केळीची पानं होती. हिरवीगार, हाताहाताएवढी, रंगवलेली. त्या पानांतून एक पंखवाला नाग खाली झेपावला होता आणि त्याच्या पंजांत झुंबर लटकत होतं. कोंडाजीला वाटलं, आपण मेलो आणि वाडीतल्या केळीखाली येऊन पडलो.

चवडा कापून काढला तो राजाच्या रांधणखोलीत. तिथले खांब लोखंडाचे, पण वर तांब्याच्या झावळ्या फुटलेल्या. पोफळीच्या बागेत निजवल्यासारखं वाटलं, मग नाकावर औषधाचा बोळा आला.

धर्माजी चैत्राच्या सुमाराला गेला. गावाबाहेर एका उघड्या टेकडीवर हिंदू शिपायांना अग्नी देत. कोंडाजी कुबड्या घेऊन मोटारीतून गेला. धर्माजीचं खरं नाव घेऊन त्याने चितेला अग्नी दिला. पलटणीच्या कारकुनाला त्याने सांगून पाहिलं, पण वहीत नाव सदाचं होतं, गाव भलतंच होतं. मेल्याचा कागद त्या गावाला गेला असेल आणि तिथे कुणी सापडलं नसेल.

दीड वर्षाने कोंडाजी वाडीत परतला. त्याच संध्याकाळी तो काळूरामच्या अंगणात जाऊन बसला. सगळी वाडी जमली होती. दाराआड राही उभी होती, तिची पावलं तेवढी उंबऱ्यापाशी दिसत होती. मेल्याची बातमी एकदम कशी सांगायची, म्हणून कोंडाजीने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आगबोट सांगितली, महाल सांगितला, केळीची पानं सांगितली. लोक एकमेकांकडे बघू लागले. इंग्रजांच्या राजाच्या छताला आपल्या वाडीतली केळ? तो रांधणखोलीवर आला. राजाच्या रांधणीत पोफळीचे खांब आणि तिथेच पाय कापला, म्हणाला.

"रांधनीत कापला?" मागून कुणीतरी विचारलं. "मंग शिजवला की न्हाय?"

अंगण हसून हसून लोळलं. काळूरामही हसला. आणि त्या हसण्यातच कोंडाजीच्या तोंडून निघालं, "धर्माजी तिथंच गेला."

हसू थांबायला वेळ लागला. थांबलं तेव्हा काळूराम म्हणाला, "कागद दाव."

"कागद सदाच्या नावाचा असंल. तेनं नाव बदललं व्हतं."

"म्हंजे सदा मेला. सदा तर लहानपनीच मेलाय. कोंड्या, माजा भाऊ तिकडं मडमीशी लगीन करून बसला असंल, तर तसं सांग. झाकतोस कशाला?"

कोंडाजी तिथेच रडायला लागला. लोकांना वाटलं, लबाडी पकडली गेली म्हणून रडतोय. दुसऱ्या दिवशी राही पाणवठ्यावर आली, तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू नेहमीपेक्षा ठसठशीत होतं.

एवढीच चूक, असं कोंडाजीला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. महालाऐवजी साधी बराक म्हटलं असतं तर वाडीने विश्वास ठेवला असता. जे जसं होतं तसं सांगितलं आणि त्या खऱ्या महालाने खरं मरण खोटं पाडलं.

*

"शनवारी नवं धोतर काढ," संध्याकाळी कोंडाजी बायकोला म्हणाला.

काशी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने चित्राची सगळी हकिगत ऐकून घेतली. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमी खुर्चीवर बसनार. गुरुजी सांगनार, कोंडाजी खरं बोलत व्हता. मंग?"

"मंग काय? समद्यांची तोंडं बंद."

"तुमचा म्हाल खरा ठरला, की धर्माजी भावोजी मेल्याचं बी खरं ठरंल."

"खरंच हाय ते."

"मला ठावं हाय. ह्या घरात आल्यापास्नं ठावं हाय." काशीने भाकरी उलटली. "पर राहीवैनीच्या कपाळावर अजून कुकू हाय."

कोंडाजीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मंगळवारी जनीची हळद हाय," काशी म्हणाली. "पयली हळद कोन लावनार?"

हे विचारायची गरज नव्हती. जनी ही काळूरामची नात. वाडीत कुठल्याही घरी लग्न असो, नवरीला पहिली हळद सगळ्यांत वडील सवाष्णीने लावायची रीत होती, आणि गेली पंधरावीस वर्षं हा मान राहीचा होता. नवरा परदेशात, पण जिवंत. तेव्हा ती सवाष्ण. राहीला मूल नव्हतं, संसार नव्हता. दिराच्या घरात ती राबली, दिराची पोरं तिने वाढवली. पण हळदीच्या दिवशी तिला पाटावर बसवून ओटी भरत, मग ती उठून नवरीच्या गालांना बोटं लावी. वाडीतली अर्धीअधिक घरं तिच्या हातच्या हळदीने उभी राहिली होती.

"इतकी वर्सं रांडमुंड बाईनं आपल्या पोरींना हळद लावली, असं म्हंतील," काशी म्हणाली. "कुनाचा नवरा गेला असंल, कुनाचं मूल जगलं नसंल, ते समदं तिच्याच माथी मारतील. ह्या वयात कुठं जाईल ती?"

"आनि मी?" कोंडाजीचा आवाज चढला. "मी चाळीस वर्सं लबाड म्हनून जगलो, ते?"

काशीने भाकरी चुलीत उभी केली. ती फुगली तशी टोपलीत टाकली.

"मी जाऊ नका म्हनत न्हाय," मग ती म्हणाली. "खुर्ची तुमचीच हाय. धोतर काढून ठेवते."

*

शनिवारी शाळेच्या एकाच मोठ्या खोलीत पोरं पुढे बसली, गडी भिंतींना टेकले, बाया दारापाशी उभ्या राहिल्या. राही सगळ्यांच्या मागे होती, डोक्यावरून पदर घेऊन. काळूराम आता पंच्याहत्तरीला आला होता, त्याला बाकावर बसवलं होतं. मध्ये गुरुजींची खुर्ची रिकामी ठेवली होती. कोंडाजी नव्या धोतरात, लंगडत, खुर्चीपर्यंत आला आणि काठावर बसला.

"पोरांनो," गुरुजी म्हणाले, "आपल्या वाडीतलं सगळ्यांत जुनं घर कुणाचं?"

"काळूआजाचं!"

"त्यात आधी कोण राहायचं?"

"तेचा बा!"

"बरोबर. तसंच प्रत्येक गावाचं असतं. घर उभं असतं, माणसं येतात आणि जातात. आज आपण एका लांबच्या गावातलं घर बघणार आहोत." त्यांनी पोरांना समुद्र, आगबोट, राजा, सगळं एकेक पायरी चढवल्यासारखं सांगितलं. मग पुस्तक उघडून छातीशी धरलं आणि सगळ्या खोलीला दिसावं म्हणून हळूहळू फिरवलं.

भिंतीपाशी कुजबूज झाली. हिरामण नावाचा गडी पुढे वाकून म्हणाला, "गुरुजी, ह्यो इंग्रजांचा कसा? ह्यो तर जंजिऱ्याच्या नबाबाचा दिसतोय."

"व्हय की! घुमट बघा."

"चित्र छापनाराची गल्लत झाली असंल."

"गल्लत नाही," गुरुजी म्हणाले. "त्या राजाला आपल्याकडच्या इमारतींची हौस होती. हे इंग्लंडातलंच. खाली नाव छापलंय, ब्रायटन. आता या महालात आपल्यापैकी कोण राहून आलंय, ते मी नाही सांगणार. ज्याने पाहिलंय तोच सांगेल." त्यांनी पुस्तक कोंडाजीच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "बाबा, सांगा सगळ्यांना. हाच ना तो?"

काळूरामने कानामागे हात धरला.

कोंडाजीने चित्राकडे पाहिलं. खालच्या रांगेतली खिडकी होती तिथेच होती. त्या खिडकीपाशी पडल्यापडल्या धर्माजी म्हणाला होता, "कोंडाजी, हितनं दर्याचा वास येतो रं." अजून एवढं एक सांगायचं होतं. एकदा सांगितलं की पुढे कुणी कधी राजवाडे म्हणणार नव्हतं.

त्याने मान वर केली. पोरांच्या डोक्यांवरून, बायांच्या खांद्यांवरून त्याला दारातलं एक कपाळ दिसलं.

"न्हाय, गुरुजी," तो म्हणाला. "ह्यो न्हाय."

"काय?"

"ह्यो न्हाय तो. तो येगळा."

गुरुजी खाली वाकले. "बाबा, परवा तुम्हीच ओट्यावर..."

"परवा नीट दिसलं न्हाय. डोळं म्हातारं झालं."

भिंतीपाशी पहिलं हसू फुटलं. काळूराम बाकावर सावरून बसला. "मंग तुजा कसा व्हता रं, कोंड्या? सांग की, आज समदी हायत."

त्या दिवसापर्यंत कोंडाजी उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. ज्याला सगळी वाडी लबाड म्हणत होती, त्याला लबाडी जमेल की नाही याचीच खात्री नव्हती. त्याने पुस्तक मिटलं, घसा खाकरला.

"माज्या म्हालाला सोन्याची कौलं व्हती," तो म्हणाला.

"आनि?"

"आनि दाराला हत्ती. जिते. राजा सवता सकाळी च्या घिऊन यायचा. म्हनायचा, कोंडाजीराव, साकर पुरं का?"

पोरं खिदळली, गडी एकमेकांच्या पाठीत थापा मारू लागले. "काय राजवाडे! साकर पुरं का!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. काळूराम हसता हसता खोकू लागला.

गुरुजी हसले नाहीत. ते कोंडाजीला दारापर्यंत पोचवायला आले आणि पायरीवर हळूच म्हणाले, "बाबा, निदान माझ्यापाशी तरी खरं बोला."

"तुमी पोरांना खरं शिकवा, गुरुजी," कोंडाजी म्हणाला. "चांगलं शिकवता. माजं ऱ्हाऊ द्या."

*

शाळेपासून वाडीकडे खाडीच्या बांधावरून वाट होती. बाया पुढे निघून गेल्या होत्या. गडी शाळेपुढच्या झाडाखाली विड्या पेटवून अजून हसत होते. कोंडाजी एकटाच लंगडत निघाला.

बांधाच्या मध्यावर, खाजणातल्या शेतांचं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, ज्याला उघाडी म्हणतात तिथे, राही उभी होती. भरती आली होती. पाणी बांधाच्या दगडांना लागलं होतं.

तो तिच्याजवळ आला तरी ती पाण्याकडेच बघत होती.

"भावोजी, चित्र मी बी बघितलं," ती म्हणाली.

"तो न्हाय, वैनी. मी सांगितलं न्हवं का."

"थोरल्या घुमटाच्या भवतीनं धाकटं घुमट. कोंबडीच्या भवती पिल्लं बसल्यावानी." राही सावकाश, आठवून आठवून बोलत होती. "तवा तुमी असंच म्हनाला व्हताव. समदी हसत व्हती, कुनी ऐकलं न्हाय. मी दाराआड व्हते. मी ऐकलं."

लंगडा पाय सावरून कोंडाजी बांधाच्या दगडाला टेकला.

"मला त्याच दिशी कळलं," ती म्हणाली. "लबाड मानूस लोकं हसली म्हनून रडत न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "पर मी सतरा वर्सांची. पांढऱ्या कपाळानं त्या घरात किती दिस काढले असते? मोठ्या दिरांनी न्हाय म्हटलं, मी त्यांच्या 'न्हाय'ला धरून ऱ्हायले. तुमाला मातर लबाड व्हावं लागलं."

"त्याचं काय न्हाय."

"हाय. आज तर लईच हाय."

पाणी उघाडीच्या फळ्यांवर थपथपत होतं. राहीने विचारलं, "आग कुनी दिली?"

"मी."

"नाव घेतलंत?"

"धर्माजीच म्हनलो. सदा न्हाय."

"तितनं दर्या दिसतो?"

"दिसतो. टेकडीखाली समदा दर्याच. राख बी दर्यातच सोडली."

राहीने मान हलवली. जी गोष्ट तेव्हा दाराआडून ऐकली होती, ती आता समोरून ऐकल्यासारखी. तिने हातातली पिशवी बांधाच्या दगडावर ठेवली.

आपल्याकडे मेल्याची खबर कानावर आली की, ती कितीही जुनी असो, अंगावरच्या लुगड्यानिशी आंघोळ करायची रीत आहे. कोंडाजीला ती ठाऊक होती. राही पाण्याकडे वळली तेव्हा ती काय करणार हे त्याला समजलं.

"तवा केली न्हाय," ती म्हणाली. "समद्यांनी बघितलं असतं. मनात तेवढं एक ऱ्हाऊन गेलंय."

"आनि मंगळवारी?"

"मंगळवारी जनीला हळद लावीन. पिशवीत करंडा हाय, बाहेर आले की कुकू लावीन. ते आता पोरींसाठी." ती पायरीच्या दगडावर उतरली. "कुनी इचारलं तर उघाडीत पाय घसरला म्हना. तवर कुनाला हिकडं येऊ देऊ नका."

कोंडाजी बांधावर परत मागे गेला, वळणापर्यंत, आणि खाडीकडे पाठ करून वाटेच्या मधोमध उभा राहिला. समोरून काळूराम हिरामणच्या खांद्यावर हात टाकून येत होता, त्यांच्या मागे आणखी चौघेपाच.

"काय राजवाडे?" हिरामण लांबूनच ओरडला. "वाट अडवून उभं? राजानं चौकीदार नेमलं का काय?"

"काळूदादा, बसा जरा," कोंडाजी म्हणाला. "चालून दमलाव. म्हालाचं एक सांगायचं ऱ्हायलंच."

"आता आनि काय?"

"घोडं. राजाच्या घोड्यांचं सांगितलंच न्हाय."

काळूराम खरंच दमला होता. तो बांधावर टेकला. बाकीचे त्याच्या भोवती उकिडवे बसले, कुणी विडी पुढे केली. कोंडाजी मात्र बसला नाही. त्याने दोन्ही हात पसरून आकार दाखवला.

"घोड्यांना येगळा म्हाल व्हता," तो म्हणाला. "राजाच्या म्हालाहून मोठा. वर एवढा थोर घुमट, आनि घुमटाला काचा. घोडं आत उभं ऱ्हायचं आनि वरनं आभाळ दिसायचं."

हे अगदी खरं होतं. त्या घोडशाळेतही खाटा टाकल्या होत्या, त्याने स्वतः पाहिल्या होत्या.

"घोड्यांना काचंचं छप्पर!" हिरामण मांडीवर थाप मारत म्हणाला. "अरं, आमच्या पोरांना कौलं न्हायत!"

सगळे हसले. कोंडाजीच्या पाठीमागे पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला, मग एक बुडी, मग दुसरी. काळूरामने मान तिरकी केली.

कोंडाजी अर्धं पाऊल पुढे सरकला, अजून थोडा ताठ उभा राहिला आणि आवाज चढवून घोड्यांचं पुढचं सांगू लागला.